कर्नलमध्ये कुलूप निवडताना

कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) सामायिक माहितीला कुलूप, म्हणजे एका वेळी एकालाच ती हाताळू देणारी सोय, लावण्यापूर्वी ती माहिती कोणकोणत्या वाटांनी हाताळली जाते, हे आधी कागदावर लिहून काढावे. केवळ प्रोसेसच (चालू असलेले प्रोग्राम) तिला हात लावत असतील आणि मध्येच झोपण्याची, म्हणजे प्रोसेसर सोडून थांबण्याची, वेळ येऊ शकत असेल, तर म्यूटेक्स (वाट पाहणाऱ्याला झोपू देणारे कुलूप) वापरावा. इंटरप्ट हँडलरही (हार्डवेअरची हाक येताच चालू काम थांबवून धावणारा कोड) तिथे पोहोचत असेल, तर स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता फिरत राहून वाट पाहायला लावणारे कुलूप) घ्यावा आणि तो हातात असताना झोपू नये. मात्र साधा स्पिनलॉक घेतलेल्या प्रोसेसरच्या कोअरवरच इंटरप्ट आला आणि हँडलरने तेच कुलूप मागितले, तर तो कोअर स्वतःचीच वाट पाहत कायमचा फिरत राहतो. म्हणून स्थानिक इंटरप्ट बंद करणारा ‘स्पिन लॉक आयआरक्यू सेव्ह’ हा प्रकार निवडावा. कोथरूडमधील आमच्या अभ्यासगटात एका डिव्हाइस ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या कोडने) नेमके असेच यंत्र गोठवले होते, तेही खालून चहा येण्याच्या आत.

दोन कुलुपे लागत असतील, तर ती घेण्याचा क्रम सर्वत्र एकच ठेवावा आणि चाचणीच्या कर्नलमध्ये लॉकडेप (कुलुपांच्या क्रमातील चुका पकडणारे साधन) चालू करावे. सगळ्यांना मिळून एकच मोठे कुलूप सोपे वाटते खरे. पण लिनक्समध्ये १९९६ साली आलेले तसले कुलूप पूर्णपणे काढून टाकायला २०११ उजाडले.