एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतरची नोकरी: तयारी तिसऱ्या सेमिस्टरपासून

आमच्या क्यूसी, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या, लॅबमध्ये फ्रेशरची जागा निघाली की एचआरकडून बायोडाटांचा गठ्ठा येतो. बहुतेकांवर तीच ओळ असते: 'एचपीएलसी, जीसी, यूव्ही, एफटीआयआरचे ज्ञान'. ही सगळी नमुने तपासायची मशिनं. मुलाला आत बोलावून एचपीएलसीच्या कॉलमबद्दल, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करणाऱ्या नळीबद्दल, विचारावं, "कॉलम कोणता होता?" उत्तर येतं, "सी-१८." "लांबी किती?" मग शांतता.

मला हसू येत नाही, कारण माझ्या पहिल्या मुलाखतीत मीही अशीच गप्प बसले होते. कॉलेजात मशीन होतं, पण आमच्या वाट्याला लांबून पाहायचा डेमोच आला होता. तरीही मी ते बायोडाटात ठोकून दिलं होतं. पुढचं सगळं त्या अनुभवातून आलेलं आहे. मायक्रो किंवा बायोटेकवाल्यांनी मशिनांची नावं बदलून वाचावं.

१. आधी दोन रस्ते निवडा

'सगळीकडे अर्ज टाकू, कुठेतरी लागेल' ही योजना नव्हे. तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीला एक मुख्य आणि एक जोडरस्ता ठरवा.

औषध किंवा रसायन कंपनीत जायचं असेल तर विभागांतला फरक समजून घ्या. आर अँड डीमध्ये सिंथेसिस, म्हणजे नवे रेणू बनवणं, चालतं, तिथे ऑर्गॅनिकवाल्यांना प्राधान्य. क्यूसीमध्ये कच्च्या मालापासून तयार औषधापर्यंत नमुने तपासायचे असतात. ॲनालिटिकलवाले तिथे लवकर रुळतात. क्यूएमध्ये (गुणवत्ता हमी) मुख्यतः कागद असतो: एसओपी (कामाची लेखी पद्धत), बॅच रेकॉर्ड, ऑडिट. प्रॉडक्शनमध्ये जागा बऱ्याच असतात, पण शिफ्ट आणि सॉल्व्हंटचा वास सोसावा लागतो. तारापूर, कुरकुंभ, महाड, लोटे, वाळूज किंवा गोव्यातलं वेर्णा, या औद्योगिक वसाहतींपैकी जी जवळ असेल तिथल्या कंपन्यांची यादी आधी वहीत उतरवा. घरापासून किती लांब राहायची तयारी आहे, हेही आत्ताच आईवडिलांशी बोलून घ्या. ऑफर आल्यावर घरी वाद झालेले मी पाहिलेत.

संशोधनात जायचं असेल तर पीएच.डी. गृहीत धरा. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवीच, आणि ती झाल्यावरही कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर काम करावं लागू शकतं. हे कुणी आधी सांगत नाही.

२. परीक्षांच्या तारखा भिंतीवर लावा

गेट या प्रवेशपरीक्षेचे अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे शेवटच्या वर्षी देऊन ठेवणं फायद्याचं. सीएसआयआर-यूजीसी नेट वर्षातून दोनदा, आपल्यासाठी विषय केमिकल सायन्सेस. त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. तिला वयाची अट असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिला वयाची अट नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा १९५७ पासून चालू आहे, तिथेही केमिस्ट्रीवाले घेतात. एम.एस्सी.ला साठ टक्के हवेत, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचा बॅकलॉग आजच काढा.

३. हाताने काय केलं ते लिहून ठेवा

माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

एक साधी वही घ्या. ओजेटी (कंपनीतलं प्रशिक्षण) असो, रिसर्च प्रोजेक्ट असो की रोजचं प्रॅक्टिकल, ज्याला तुमचा हात लागला तेवढंच त्यात लिहा. रिॲक्शन किती ग्रॅमवर केली? टीएलसीचं (पातळ थरावर घटक वेगळे करायची चाचणी) सॉल्व्हंट कोणतं? यील्ड, म्हणजे हाती आलेलं उत्पादन, किती? कमी आलं तर कशामुळे? समजा, एचपीएलसीवर पॅरासिटामॉल गोळ्यांची ॲसे, म्हणजे औषधाचं प्रमाण मोजायची चाचणी, केलीत. मग नोंद अशी हवी: सी-१८ कॉलम, २५० बाय ४.६ मिमी, ५ मायक्रॉन, फॉस्फेट बफर आणि मिथेनॉल, फ्लो मिनिटाला १ मिली, २४३ नॅनोमीटर, सहा इंजेक्शनांचा आरएसडी (निकालांतला फरक) ०.८ टक्के. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ते तुमचेच हवेत.

बिघडलेलंही लिहा. बफर चालवल्यावर एखाद्याने कॉलम थेट शंभर टक्के ॲसिटोनायट्राइलवर टाकला, क्षार आत बसले, प्रेशर चढलं. म्हणून आधी पाणी जास्त असलेल्या मिश्रणाने धुवायचं आणि मग ऑरगॅनिक वाढवायचं. हे स्वतःच्या तोंडाने सांगणारा मुलगा मी पंच्याऐंशी टक्केवाल्याच्या आधी घेईन.

मशीन हाती लागत नसेल तर गाईडच्या मागे लागा. सुट्टीच्या दिवशी लॅब असिस्टंटच्या शेजारी उभं राहिलं तरी बरंच शिकायला मिळतं. पुण्याची एनसीएल, आयसर अशा संशोधन संस्थांत उन्हाळी प्रोजेक्टसाठी शास्त्रज्ञांना थेट ई-मेल करता येतो. त्यांचा एखादा पेपर वाचून त्यातला एक प्रश्न विचारा. 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी इंटरेस्टेड' एवढंच लिहिलेलं पत्र कुणी उघडत नाही.

४. बायोडाटा

फ्रेशरला एक पान पुरतं. 'आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या प्रगतीला हातभार' हा परिच्छेद काढा. वडिलांचं नाव, धर्म, छंद काढा. वरती शिक्षण, लगेच प्रोजेक्ट, मग वहीतल्या नोंदींतून उपकरणं. मशीनच्या नावापुढे 'स्वतः चालवलं' की 'डेमो पाहिला' हे खरं लिहा. क्यूसीसाठी एक आणि आर अँड डीसाठी दुसरा, असे दोन बायोडाटा वेगळे ठेवा. फाइलचं नाव 'बायोडाटा फायनल नवा २' नको. तुमचं नाव आणि पद द्या.

५. अर्ज पाठवणं

जाहिरातीत वॉक-इन असेल तर सकाळी लवकर जा, मूळ कागदपत्रं आणि झेरॉक्सचे दोन संच घेऊन. बाकी वेळी सिनिअर्सना फोन करा. माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच फ्रेशरच्या जागा जाहिरातीच्या आधी ओळखीतूनच भरतात. पटो न पटो. वशिला नको, एवढंच विचारा: "ताई, तुमच्याकडे जागा निघाली तर कळवाल का?" नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याचा नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करा.

६. मुलाखत आणि ऑफर

आदल्या दिवशी वही वाचा. येत नसेल तर "हे मी केलेलं नाही, पण तत्त्व सांगू शकते" असं म्हणा, चालतं. पगाराचा आकडा सांगतील तेव्हा हातात किती येणार, कापले किती जाणार, कॅन्टीन आणि बस आहे का, शिफ्ट कोणत्या, हे विचारायला लाजू नका. बॉण्ड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडला तर किती भरावे लागतील, ते सही करण्याआधी वाचा. मूळ मार्कशीट 'जमा करा' म्हणाले तर दाखवा, झेरॉक्स द्या आणि मूळ प्रत परत पिशवीत टाका.