एका वाक्यात दोनदा उलटू नका

इंग्रजी प्रश्नात 'डिड' आलं की क्रियापद मूळ रूपात, 'डज' आलं की मागचा 'एस' गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. 'डिड यू वेंट' अजून तोंडात येत असेल तर आठवडाभर घोका, जाईल. मी सांगतोय ते दुखणं, एका वाक्याच्या पोटात प्रश्न घालताना शब्दांचा क्रम चुकण्याचं, आपल्याला इंग्रजी जमायला लागलं असं वाटल्यावर मागे लागतं.

२००० साली मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. मी त्याच्या आधीचा, पाचवीत एबीसीडी गिरवलेला. अधोरेखित शब्द उत्तर येईल असा 'डब्ल्यूएच' प्रश्न बनवा, हा दहावीच्या पेपरातला हक्काचा मार्क. क्लासच्या सरांनी त्यासाठी मंत्र दिला होता: प्रश्नार्थक शब्द दिसला की लगेच सहायक क्रियापद (डू, डिड, इज), मग कर्ता. मार्क मिळाले. पुढे पुण्यात कॉल सेंटरला लागलो तेव्हा त्याच मंत्राने तोंडावर पाडलं.

फोनवर 'व्हेअर डिड यू बाय इट?' असं थेट विचारलं की उलटतपासणी वाटते. म्हणून आधी 'कुड यू टेल मी' लावायचं. मी लावायचो आणि पुढे अख्खा प्रश्न जसाच्या तसा चिकटवायचो: 'कुड यू टेल मी व्हेअर डिड यू बाय इट?' क्वालिटीवाल्यांनी माझाच कॉल मला ऐकवला. सहा मिनिटांत हीच चूक पाच वेळा. बाजूचे हसले नाहीत, तेही तसंच बोलत होते.

नीट बघा. 'कुड यू' म्हणताना सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आलं, प्रश्न तिथेच झाला. मागचा तुकडा आता प्रश्न नाही. काय सांगायचं, तेवढंच तो दाखवतो. म्हणून त्याचा क्रम साध्या विधानाचा: 'व्हेअर यू बॉट इट'. 'डिड' निघून गेला आणि जाताना त्याच्याकडे असलेला भूतकाळ क्रियापदाला परत देऊन गेला, 'बाय'चं 'बॉट' झालं. तसंच 'व्हेअर डज ही लिव्ह?' पण 'डू यू नो व्हेअर ही लिव्ह्ज?' आणि 'व्हॉट इज द प्रॉब्लेम?' पण 'टेल मी व्हॉट द प्रॉब्लेम इज'. शेवटी लोंबकळणारा 'इज' कानाला अर्धवट वाटतो. वाटू दे. सगळं वाक्य प्रश्न नसलं तरी हेच: 'आय डोन्ट नो व्हाय ही लेफ्ट'.

प्रश्नार्थक शब्दच नसेल तर 'इफ' घाला. 'त्याने फोन केला का, माहीत आहे का?' यातला पहिला 'का' म्हणजे तो 'इफ': 'डू यू नो इफ ही कॉल्ड?'

'तुम्ही मराठीत विचार करता म्हणून चुकता' म्हणणारे ट्रेनर मला पटत नाहीत. 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो ते सांगा', मराठीत शब्द जागचे हलले का? मंत्र न शिकलेल्या पोराने मराठीच्या वळणाने 'व्हेअर ही लिव्ह्ज' बरोबर म्हटलं असतं! चूक अर्ध्या नियमाची होती. त्याच मंत्राने मी 'हू डिड ब्रेक द ग्लास?' असंही विचारायचो. उत्तर कर्ताच असेल तर 'डिड' लागत नाही, 'हू ब्रोक' पुरे. तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारे तिथवर पोचत नाहीत.

घाबरू नका, समोरच्याला कळतं. आयर्लंडच्या बोलीत 'आय वंडर इज ही कमिंग' सर्रास चालतं. पण परीक्षेत ही सबब चालणार नाही. परदेशी जाण्यासाठी द्यायच्या आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात चौथा हिस्सा व्याकरणाचा असतो आणि ही चूक दर दोन वाक्यांनी डोकं वर काढते.

मी रोज दहा थेट प्रश्न लिहून प्रत्येकाच्या आधी 'डू यू नो' लावून मोठ्याने म्हणायचो. नुसतं वाचून काही होत नाही, जीभ वळावी लागते. सगळ्यात छळलं 'व्हॉट टाइम इज इट'ने. भिंतीवर घड्याळ असताना मी दोन महिने बायकोला विचारत होतो, 'डू यू नो व्हॉट टाइम इट इज?' पहिले काही दिवस ती वेळ सांगायची, नंतर नुसतं घड्याळाकडे बोट दाखवायला लागली.