आधी जोर, मग वेळ : ड्रम पॅटर्न बांधायला शिकणाऱ्यांसाठी

गोव्यात लॅपटॉपवर ड्रम्स बांधायचं काम तीन-चार वाटांनी येतं. हॉटेलात गाणाऱ्यांना बॅकिंग ट्रॅक हवा असतो, नाट्यस्पर्धेसाठी पार्श्वसंगीत लागतं, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोंडावर आरत्या रेकॉर्ड होतात. नवख्याच्या कामावर सगळीकडे शेरा एकच : ‘मशीन वाजतंय’. मग तो ह्युमनाइझचं बटण दाबतो. ते दाबू नका. ते नोटा कशाही मागेपुढे फेकतं. वाजवणाऱ्याचा हात असा कुठेही पडत नसतो. त्याच्या चुकाही ठरलेल्या जागी होतात.

सुरुवातीला वेळेला हातच लावू नका. सगळं ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने आखलेल्या वेळेच्या रेघांवर ठेवून फक्त व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर बदला. मिडीत ती १ ते १२७ असते, आणि माउसने काढलेल्या सगळ्या नोटा एकाच आकड्यावर पडतात. मशीन वाजतं ते मुख्यतः इथे. समजा ९६ बीपीएमचा (मिनिटाला ९६ मात्रा) चार मात्रांचा ठेका आहे, हाय-हॅट (झांजांची जोडी) मात्रेला चार. पहिली मात्रा ९५, ५०, ७५, ४५ अशी भरा. दुसरी ९०, ५४, ७८, ४२. स्नेअर दुसऱ्या मात्रेवर १०६, चौथीवर ११२. मधले घोस्ट स्ट्रोक, म्हणजे स्नेअरचे अगदी हलके ठोके, २५ ते ४०. ते सगळ्या वाद्यांत छान ऐकू येत असतील तर जास्त झाले समजा. सगळं वाजताना ते कळू नयेत, पण म्यूट केले की ठेका रिकामा वाटावा. लागोपाठ दोन किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) असतील तर पहिली ८० आणि दुसरी १०५ करून बघा.

आकडे बदलूनही फरक पडत नसेल तर सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले ठोके वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हेलॉसिटीचा परिणाम शून्यावर आहे का ते बघा. तिथे ठीक असेल तर पुढचा कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज सारखे करणारा इफेक्ट) सगळं सपाट करतोय. आवाज लहानमोठा होतो पण पोत तोच राहतो, म्हणजे सॅम्पलचा थर एकच आहे. अशा किटवर तासभर घालवण्यात अर्थ नाही, किट बदला. आणि हात दोनच असतात हे विसरू नका : क्रॅश आणि स्नेअर एकत्र पडतात त्या जागेवरची हाय-हॅट काढून टाका.

आता वेळ. एक वाद्य खुंट्यासारखं ग्रिडवर रोवा, शक्यतो किक, आणि बाकीची त्याच्या मानाने हलवा. ९६ बीपीएमला मात्रा ६२५ मिलिसेकंदांची. मात्रेला ९६० टिक असतील तर एक टिक साधारण ०.६५ मिलिसेकंद. स्नेअर १५ टिक मागे नेलीत तर जवळपास १० मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि ठेका रेलून बसतो. हाय-हॅट ५–८ टिक पुढे घेतलीत तर तोच ठेका ओढत नेतो. स्विंग म्हणजे दर दुसरी नोट किती मागे ढकलायची ते. ५० टक्के म्हणजे सरळ, ६६ च्या आसपास ट्रिप्लेटचा (तीन समान भागांचा) झोल. ५४ ते ५८ मध्ये बहुतेक कामं भागतात. इथे ५६ टक्क्यांना दर दुसरी हाय-हॅट सुमारे १९ मिलिसेकंद उशिरा येते. बेसला तोच स्विंग दिला नाहीत तर दोघं भांडतात, आणि दोष उगाच मिक्सिंगवर येतो.

पॅडवर वाजवून रेकॉर्ड करत असाल तर ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा, त्यांत आवाज उशिरा पोचतो. क्वांटाइझ (नोटा ग्रिडकडे ओढणं) १०० टक्के करू नका, ६०–७० पुरे.

खरी परीक्षा घुमटाची, म्हणजे आरत्यांना वाजणाऱ्या, कातडं ताणलेल्या मडक्याच्या वाद्याची. २०१९ मध्ये त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण तयार ड्रम किटमध्ये ते सहसा सापडत नाही. त्याजागी कोंगा (हाताने वाजवायचा उंच ड्रम) लावून काम उरकणारे बरेच. एका हाताने कातडं वाजतं आणि दुसरा हात मडक्याचं मागचं तोंड झाकतो-उघडतो. म्हणून नुसती व्हेलॉसिटी पुरत नाही : तोंड उघडं, अर्धं झाकलेलं आणि बंद असे निदान तीन आवाज वेगवेगळ्या नोटांवर हवेत, प्रत्येकाचे हलके-जोरकस चार-चार ठोके. हे सगळं एकाच बैठकीत रेकॉर्ड करा. चवथ पावसात येते, दमट हवेत कातडं सैल पडून सूर उतरतो. सकाळचे आणि रात्रीचे ठोके एका पॅटर्नमध्ये घातलेत तर वेगवेगळी वाद्यं ऐकू येतात.

चार घुमटं हवीत म्हणून एकच ट्रॅक चारदा कॉपी केलात तर आवाज फक्त वाढतो. त्या कॉपी थोड्या सरकवल्यात तर पाइपातून आल्यासारखा पोकळ होतो. प्रत्येक घुमटाला वेगळे ठोके द्या आणि त्याचा स्वभाव ठरवा : एक ग्रिडवर, दुसरा कायम ४ मिलिसेकंद पुढे, तिसरा ७ मागे, चौथा ११ मागे. घुमटाच्या साथीचं शामेळ हे चर्मवाद्य काठ्यांनी वाजतं, त्याचा ठोका टोकदार असतो. ते ग्रिडला घट्ट ठेवा. कांसाळ्यांची (झांजांची) व्हेलॉसिटी ९० च्या वर नेलीत तर शब्द बुडतात, आणि आरतीत शब्द बुडालेले कुणालाच खपत नाहीत.

फाइल देताना एमपी३ नको, वेव्ह द्या. एमपी३ च्या सुरुवातीला थोडी शांतता घुसते आणि घासून बसवलेली वेळ समोरच्याकडे सरकते. आणि सुरुवातीला एक आवर्तन रिकामं सोडा. पहिली हाय-हॅट पुढे घेतलेली असते, ती फाइलच्या सुरुवातीआधी पडली तर वाजतच नाही.