लग्नाचं शूटिंग: कॅमेरा चांगला असूनही होणाऱ्या या चुका टाळा

लग्नाचा व्हिडिओ बिघडला की पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो. लेन्स स्वस्तातली होती, हॉलमध्ये उजेडच नव्हता, वगैरे. एडिटिंगला बसून फुटेज नीट पाहिलं की बहुतेक वेळा दुसरंच दिसतं. कॅमेरा ठीक होता, पण भलत्याच जागी होता, कारण पुढच्या मिनिटाला काय होणार हे तो धरणाऱ्याला ठाऊक नव्हतं. काही विधी तासभर चालतात. पण घरचे लोक ज्यासाठी वर्षानुवर्षं व्हिडिओ लावतात ते क्षण काही सेकंदांचे असतात. म्हणून आधी विधी आणि आवाज, सेटिंग त्यानंतर.

अंतरपाट दूर होतो तेव्हा

मुहूर्ताची वेळ पत्रिकेत छापलेली असते, तरी सगळ्यात जास्त हुकतो तो हाच शॉट. दोघांचे चेहरे एका फ्रेममध्ये मिळावेत म्हणून बाजूला उभं राहावंसं वाटतं, आणि नेमक्या तिथेच अंतरपाटाचं टोक धरून गुरुजी उभे असतात. वधूच्या मागे मामा, आजूबाजूला करवल्या. शेवटच्या मंगलाष्टकाला पाहुणेही मोबाईल उंचावून पुढे सरकतात. त्यामुळे दोन कॅमेरे असतील तर एक वराच्या खांद्यामागून वधूच्या चेहऱ्यावर आणि दुसरा वधूच्या खांद्यामागून वराच्या चेहऱ्यावर लावा. तिसरा असेल तर समोर उंचावर वाइड (सगळं स्टेज दिसेल असा) लावून सोडून द्या. त्याचा ट्रायपॉड स्टेजवर नको, हॉलच्या फरशीवर हवा. स्टेजच्या फळ्या माणसं चालली की हलतात आणि झूम केलेल्या शॉटमध्ये ती थरथर लख्ख दिसते. एकच कॅमेरा असेल, तर दोन चेहऱ्यांमध्ये धावाधाव न करता गुरुजींच्या थोडं मागे, उंचावरून, दोघंही दिसतील अशी एक जागा धरून ठेवा.

‘शुभमंगल सावधान’ प्रत्येक कडव्याच्या शेवटी येतं. त्यामुळे नवा माणूस दरवेळी दचकतो आणि खऱ्या वेळी दमलेला असतो. गुरुजींनी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ सुरू केलं की आता अंतरपाट निघणार, ही बहुतेक ठिकाणची खूण. हल्ली आत्या, मावशी, कधी आजोबासुद्धा स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात. कोण, किती आणि कुठून म्हणणार, हे आधी विचारून घ्या. आजोबा पहिल्या रांगेत बसून म्हणत असतील आणि तिकडे एकही कॅमेरा नसेल, तर ती चूक पुढे कधीच भरून निघत नाही.

फोकसही इथेच दगा देतो. ऑटोफोकस अंतरपाटावरचं ठळक कुंकवाचं स्वस्तिक पकडतो, आणि कापड बाजूला झाल्यावर चेहरा शोधत आत-बाहेर करतो. त्यात मधून अक्षता उडत असतात. वधू पाटावर उभी राहिली की तिच्या चेहऱ्यावर फोकस घ्या आणि मॅन्युअलवर लॉक करा. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/४ ते एफ/५.६ ठेवा. एफ/१.४ ची धूसर पार्श्वभूमी या घडीला कामाची नाही.

जुन्या डीएसएलआरमध्ये २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबतं. ही मर्यादा युरोपातल्या आयातशुल्काच्या वर्गवारीतून आली आणि कॅमेऱ्यांत राहिली. गुरुजींना उशीर झाला आणि तुम्ही अर्धा तास आधीच बटण दाबलेलं असेल, तर कॅमेरा ऐन मुहूर्तावर बंद पडू शकतो. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या जरा आधी थांबवून पुन्हा सुरू करा.

विधी माहीत नसणे

लाजाहोमात वधूच्या ओंजळीत लाह्या घालायला तिचा भाऊ येतो, आणि कानपिळीत तोच वराचा कान पिळतो. हा सगळा हसरा प्रकार दोन-तीन सेकंदांत उरकतो, आणि त्या वेळी कॅमेरा होमाच्या ज्वाळांवर असतो. काही घरांत लग्न लागताना वधूची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालत असते. हे माहीत असेल तर एक माणूस तिथे पाठवता येतो. त्या आईचा चेहरा स्टेजवरच्या दहा शॉट्सपेक्षा मोलाचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

पद्धती जातीप्रमाणे, गावाप्रमाणे, घराप्रमाणे बदलतात. सीमांतपूजन आदल्या दिवशी की सकाळी, सूनमुख कधी, झाल कुठे, विहिणीची पंगत आहे का, जोडे लपवणाऱ्या मुली कोण? हे सगळं आदल्या दिवशी घरातल्या एखाद्या जाणत्या काकूंना विचारा आणि सकाळी गुरुजींना नमस्कार करून विधींचा क्रम लिहून घ्या. पाच मिनिटं लागतात. इव्हेंटवाल्याच्या वेळापत्रकात ‘विधी: १० ते १२’ एवढंच असतं, त्यावर विसंबू नका.

आणि सप्तपदी चालू असताना ‘गुरुजी, परत एकदा, इकडे बघून’ हे म्हणू नका. हार घालताना थोडं थांबायला सांगणं वेगळं; तांदळाच्या सात राशींवरून मुलगी चालत असताना तिला मागे बोलावणं हा त्या घराचा अपमान आहे. शॉट हुकला तर हुकला. त्याऐवजी होमाचा धूर, आजीचे जोडलेले हात, काहीही वापरता येतं.

आवाज

चित्र थोडं हललं तरी लोक बघतात. आवाज फाटला की बंद करतात. तरीही आवाजाची तयारी शेवटी होते.

गुरुजींचा माइक हॉलच्या मिक्सरला जोडलेला असतो. साउंडवाल्याशी आधी बोलून त्याच्याकडून लाइन आउट (मिक्सरमधून थेट निघणारा आवाज) घ्या. रेकॉर्डरवर इनपुट ‘माइक’वर राहिलं तर लाइनचा जोरदार सिग्नल आत जाऊन आवाज फाटतो, आणि तो नंतर कशानेही शिवता येत नाही. इनपुट ‘लाइन’वर ठेवा, पातळी साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळू द्या, आणि हेडफोन लावून ऐका. मीटर हलतोय म्हणजे आवाज चांगला येतोय असं नाही. मीटर घरघरीनेही हलतो. मिक्सरमध्ये पाहुण्यांचा गलका आणि टाळ्या येत नाहीत, म्हणून स्टेजजवळ दुसरा रेकॉर्डर ठेवा.

वराला लावलेल्या कॉलर माइकचे दोन घोटाळे ठरलेले. पहिला, हार. गळ्यात हार पडला की फुलं माइकवर घासतात आणि पुढचा सगळा आवाज खरखरीचा होतो. माइक कॉलरच्या आत, वर घ्या. दुसरा, कपडे. मुहूर्ताला शेरवानी आणि विधींना सोवळं असेल, तर माइक शेरवानीबरोबर खोलीत जातो आणि कन्यादानाच्या वेळी हँगरचा आवाज टिपत राहतो. कपडे कधी बदलणार हे विचारून ठेवा आणि माइक काढायला माणूस नेमा. सोवळ्यात क्लिप लावायला जागा नसते, तेव्हा गुरुजींच्या उपरण्याला लावा. ते दोघांच्याही जवळ असतात.

वायरलेस माइक बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे हॉलमधल्या वाय-फायच्याच पट्ट्यात. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये तो उत्तम चालतो आणि पाहुणे भरले की तुटायला लागतो. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंगची सोय असेल तर ती चालू ठेवा. ३२-बिट फ्लोटचा (फार मोठा आवाजही न फाटता साठवणारा) रेकॉर्डर असला तरी वाजंत्रीच्या अगदी तोंडाशी माइक धरला तर आवाज पकडणारी माइकमधली कॅप्सूलच आधी हार मानते.

पाठवणीत मात्र माइक घेऊन तोंडाशी जाऊ नका. लांब लेन्स लावा, दहा-पंधरा फूट मागे उभे राहा. आईच्या गळ्यात पडलेल्या मुलीसमोर गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी दांडी) फिरवलात तर रडू थांबतं आणि दोघी कॅमेऱ्याकडे बघतात.

पट्टे, पिवळेपणा आणि जांभळे चेहरे

व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसत असतील तर शटर स्पीड तपासा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. परदेशी ट्यूटोरियल पाहून १/६० ठेवणारे इथे फसतात. स्लो मोशनसाठी १०० फ्रेम घ्या. १२० वर शटर १/१०० ठेवताच येत नाही. मागे एलईडी वॉल असेल तर आधी चाचणी शॉट घ्या, तिचं गणित वेगळं असतं.

हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा. साडी, मांडवाचं कापड, झेंडू, अंगावरची हळद, सगळीकडे पिवळं दिसलं की कॅमेरा ते ‘दुरुस्त’ करतो आणि चेहरे निळसर पडतात. त्याच मांडवाखाली पांढरा कागद धरून बॅलन्स घ्या आणि लॉक करा. स्टेजवरच्या निळ्या-जांभळ्या दिव्यांना मात्र नंतर इलाज नाही. एक रंग पूर्ण भरून गेला की ग्रेडिंगला (नंतरच्या रंगदुरुस्तीला) काही उरत नाही. मुहूर्त ते सप्तपदी स्टेजवर साधा पांढरा उजेड ठेवायला डेकोरेटरला सांगा, शक्यतो वधूच्या वडिलांकडून. त्यांचं ऐकलं जातं.

कार्ड आणि उघडत नसलेली फाइल

सेकंदाला १०० मेगाबिटच्या सेटिंगवर एका कॅमेऱ्याला तासाला साधारण ४५ जीबी लागतात. त्या हिशेबाने कार्डं घ्या. दोन स्लॉट असतील तर दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्ड करा. दुसरा स्लॉट ‘पहिला भरला की’ या कामासाठी ठेवू नका. दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी होऊन ती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका, मग दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असलं तरी.

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली किंवा निघाली, तर फाइल दिसते पण उघडत नाही. चित्र आणि आवाज बहुधा आत असतात, फक्त शेवटी लिहिली जाणारी अनुक्रमणिका राहिलेली असते. अशा वेळी त्या कार्डावर पुढे एक सेकंदही शूट करू नका. कार्ड त्याच कॅमेऱ्यात परत घालून चालू करा. काही कॅमेरे फाइल दुरुस्त करायची का असं स्वतःच विचारतात. नाही विचारलं तर कार्डाची पूर्ण प्रत काढा आणि त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगवरची एक चांगली क्लिप सोबत देऊन दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवा. घाबरून फॉरमॅट करणं ही त्या दिवसातली सगळ्यात महागडी चूक.

ड्रोन आणि गाणी

‘आमच्याकडे परवानगी आहे’ असं सांगणाऱ्या ड्रोनवाल्याकडे कागद मागा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो आणि त्यावर २ किलोपर्यंतचा मायक्रो. मायक्रो ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं. हॉल विमानतळाजवळ असेल तर सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन पोर्टलवरच्या नकाशावर झोन बघा, आणि पोलिसांनी ड्रोनबंदीचा आदेश काढलाय का तेही.

गाण्यांबाबत एक गैरसमज पक्का बसलाय. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्नसमारंभात आणि वरातीत गाणी वाजवायला सूट आहे. ती वाजवण्यापुरती. तेच गाणं हायलाइटखाली (निवडक क्षणांच्या छोट्या व्हिडिओखाली) लावून यूट्यूबवर टाकणं त्यात बसत नाही; मग व्हिडिओवर दावा येतो किंवा तो मूक होतो. ऑनलाइन टाकायच्या प्रतीला परवाना घेतलेलं संगीत वापरा. त्याहून चांगलं म्हणजे सनई, मंगलाष्टकं आणि घरच्यांच्या बोलण्यावर तो हायलाइट बांधा. आवाज नीट घेतलेला असला की हे सहज जमतं.

हातात देताना

हायलाइटसोबत पूर्ण लांबीचा व्हिडिओही द्याच. त्यात सगळे पाहुणे दिसतात, आणि घरातली वडील माणसं तोच बघतात. पण ती प्रत ४के, १०-बिट, एच.२६५ अशा नव्या फॉरमॅटमध्ये दिलीत तर जुन्या टीव्हीवर नुसता काळा पडदा येतो. टीव्हीसाठी १०८० ची, ८-बिट एच.२६४ ची वेगळी प्रत काढा. पेनड्राईव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि मोठ्या फाइली घेणारी एक्सफॅट ही पद्धत काही टीव्ही वाचत नाहीत. अशा वेळी हळद, लग्न आणि रिसेप्शन असे भाग पाडून द्या, फाइलींना मराठीत नावं द्या, आणि शक्य असेल तर त्यांच्याच टीव्हीला पेनड्राईव्ह लावून पहिली पाच मिनिटं चालतात का ते बघून मगच निघा.