क्रोशाची पहिली त्रिकोणी शाल

साखळी (फासातून फास ओढून होणारा साधा टाका) आणि खांब (सुईवर वेढा घेऊन विणलेला उंच टाका) एवढे दोन टाके हाताला बसले, की आता काय विणावे असा प्रश्न पडतो, आणि त्यावर माझे उत्तर नेहमी एकच असते: शाल विणावी. स्वेटरला मापे लागतात, बाह्या जुळवाव्या लागतात. शालीला यातले काहीच लागत नाही. त्रिकोणी शाल मानेजवळच्या लहानशा वाटोळ्यापासून सुरू होते, दर ओळीला दोन्ही बाजूंनी वाढते आणि लोकर संपत आली की कोणत्याही ओळीवर थांबवता येते. शिवाय क्रोशाच्या कामात एका वेळी एकच फास उघडा असतो, त्यामुळे दहा मिनिटे विणून काम बाजूला ठेवले किंवा चूक सापडल्यावर चार ओळी उसवल्या, तरी बाकीची वीण जागची हलत नाही. रिकामा वेळ तुकड्यातुकड्यांनीच मिळतो, आणि हा छंद तेवढ्या तुकड्यांत आनंदाने मावतो.

लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत आणि फिकट रंगाची घ्यावी, कारण गडद किंवा केसाळ लोकरीत टाके ओळखू येत नाहीत आणि उसवताना ती गुंतते. मध्यम आकाराच्या शालीला सुमारे ४०० ते ५०० मीटर लोकर पुरते. सगळे गुंडे एकदमच घ्यावेत आणि वेष्टनावरचा रंगाच्या लॉटचा, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक एकच आहे ना, हे पाहून घ्यावे. क्रोशाची आकडेदार सुई मात्र वेष्टनावर सुचवलेल्या मापापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठी वापरावी. घट्ट विणलेली शाल पुठ्ठ्यासारखी ताठ राहते, आणि खांद्यावरून ती अलगद उतरायची तर विणीत मोकळीक हवी.

आता प्रत्यक्ष वीण. चार साखळ्या घालून शेवटची पहिलीत अडकवावी, म्हणजे वाटोळे तयार होते. पुन्हा चार साखळ्या घालाव्यात. त्यांतल्या तीन पहिल्या खांबाच्या जागी धरायच्या आणि चौथी मोकळी. मग त्याच वाटोळ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, एक साखळी आणि शेवटी एक खांब विणून काम उलटावे. दुसऱ्या ओळीपासून रीत कायम राहते: आरंभी चार साखळ्या, कडेच्या पहिल्या भोकात (म्हणजे आधीच्या ओळीतल्या साखळीखालच्या मोकळ्या जागेत) तीन खांब, मधल्या प्रत्येक भोकात तीन खांब, ऐन मध्याच्या दोन साखळ्यांच्या भोकात तीन खांब, दोन साखळ्या आणि पुन्हा तीन खांब, कडेच्या शेवटच्या भोकात तीन खांब, मग एक साखळी आणि आधीच्या ओळीच्या आरंभीच्या तिसऱ्या साखळीत एक खांब. तीन खांबांच्या दोन गटांमध्ये सगळीकडे एक साखळी घालावी. (इंग्रजी नमुना वाचत असाल तर एक लक्षात ठेवावे: या खांबाला अमेरिकी नमुन्यांत डबल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यांत ट्रेबल.)

ओळ बरोबर आली का हे पाहण्याची सोपी खूण म्हणजे गटांची संख्या ओळीच्या क्रमांकाच्या दुप्पट भरते. दहाव्या ओळीत २० गट, चाळिसाव्या ओळीत ८०. माझ्या पहिल्या शालीत कडेचे शेवटचे भोक दोनदा सुटले होते आणि ते मला आठ ओळींनंतर एक बाजू आखूड दिसू लागली तेव्हा कळले. तेव्हापासून मी मध्याच्या भोकात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवते आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गट मोजते.

दहा-बारा ओळींनंतर हाताला लय सापडते, आणि या छंदाचा खरा आनंद तिथे आहे. डाव्या तर्जनीवरून दोरा सरकत असतो, सुईवर वेढा पडतो, सुई भोकात जाऊन दोरा घेऊन येते, सुईवरचे तीन फास दोन-दोन करून सुटतात आणि एक खांब उभा राहतो. मोजणी मनात आपोआप चालते आणि डोके शांत होते. दोरा बोटावर आवळला जाऊ लागला किंवा मनगट दुखू लागले, तर तिथेच थांबून हात मोकळे करावेत.

लोकरीचा अंदाज मात्र इथे फसवतो. ओळी लांबत जातात, म्हणून ४० ओळींच्या शालीत निम्मी लोकर संपते ती विसाव्या ओळीला नव्हे, तर अठ्ठाविसाव्या ओळीच्या सुमारास. शेवटच्या गुंड्याचे एका ओळीआधी आणि नंतर वजन करावे. पुढच्या ओळीला त्याहून थोडी अधिक लोकर लागेल असे धरून कुठे थांबायचे ते ठरवावे.

दोऱ्याची टोके शिवणाच्या जाड सुईने विणीत दोन दिशांनी ओवून घ्यावीत. खऱ्या लोकरीची शाल वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवावी, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि सपाट जागी मध्याचे टोक खाली ओढून कडेने टाचण्या लावाव्यात. ॲक्रिलिकची शाल अशीच टाचून वाळवावी, तिला इस्त्री टेकवू नये, कारण उष्णतेने धागा वितळून लुळा पडतो. टाचण्या काढण्याची घाई करू नये. शाल पूर्ण वाळली, की विणताना एकमेकांवर दबलेले खांब सुटे होऊन मधली भोके स्वच्छ उघडलेली दिसतात.