आई-बाबांच्या शरीरात वयामुळे काय बदलतंय ते घरच्या घरी कसं बघायचं, आणि मग काय करायचं

एक साधं काम करा, आई किंवा बाबा खुर्चीतून उठतात ना तेव्हा त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा. हाताची घडी घालून उठता येतंय का, की आधी कडेला सरकायचं, मग दोन्ही तळवे गुडघ्यांवर रेटायचे, अर्धवट उठून परत बसायचं आणि मग "आई गं" करत उभं राहायचं? माझ्या आईचं हे दुसरं चालू होतं आणि आम्ही सगळे वर्षभर गुडघे गुडघे करत बसलो, निम्मं दुखणं मांड्यांच्या कमजोरीचं होतं.

स्नायू तिशीनंतरच झिजायला लागतात, दर १० वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर वेग वाढतो. वजनकाट्यावर हे कळत नाही कारण गेलेल्या स्नायूंच्या जागी चरबी येते, म्हणजे वजन तेवढंच पण ताकद गायब. म्हणून वजन करण्यापेक्षा खुर्ची भिंतीला टेकवा, तुम्ही शेजारी उभे राहा आणि हात न लावता ५ वेळा उठबस करायला सांगा, मोबाईलवर वेळ लावा. १५ सेकंदांच्या वर गेलं तर पाय कमजोर झालेत असं धरून चाला. मजा म्हणजे हीच टेस्ट हाच व्यायाम पण आहे, रोज थोडी थोडी करायची, सोबत जेवणात प्रोटीन वाढवायचं (किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून). "आता या वयात काय होणार" असं कोणी म्हटलं तर सांगा, १९९० च्या एका अमेरिकन अभ्यासात नव्वदीतल्या अगदी थकलेल्या लोकांकडून ८ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले होते, आणि ताकद सरासरी दुपटीच्या वर गेली.

कानांचं वेगळंच. बाबा म्हणतात "ऐकू येतं पण कळत नाही" आणि घरच्यांना वाटतं मुद्दाम करतायत. तसं नसतं, वयानुसार आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात, त्यात स, श, फ सारखी अक्षरं येतात, म्हणजे नातीचं बोलणं हरवतं आणि शेजारच्या काकांचा जाडा आवाज नीट पोचतो. ओरडू नका, ओरडल्याने शब्द अजून फाटतात. टीव्ही बंद करा, समोर या, तोंडावर उजेड असू द्या आणि जरा सावकाश बोला. मशीनचा विचार करायच्या आधी कानात मळ साठलाय का तेही बघून घ्या, कधीकधी एवढंच निघतं.

डोळ्यांना चाळिशी लागते ते सगळ्यांना माहिती असतं, पण बाहुली लहान होत जाते हे कोणी सांगत नाही. साठीतल्या माणसाला विशीतल्यापेक्षा साधारण तिप्पट उजेड लागतो. त्यामुळे बेडपासून बाथरूमपर्यंत रात्रभर छोटा दिवा हवाच हवा, कारण पडण्याचं दुसरं कारण पण तिथेच असतं: झोपेतून झटकन उठलं की रक्त पायाकडे उतरतं, तरुण शरीर ते लगेच सावरतं, म्हातारं उशिरा. झोपलेलं असताना बीपी घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा जास्तने उतरला तर डॉक्टरांना सांगा, आणि तोवर उठताना मिनिटभर पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायची सवय लावा.

तहान कमी लागते, म्हणून "तहान लागली की पितील" यावर सोडू नका, पाणी नजरेसमोर ठेवा (हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासामुळे पाणी मोजून असेल तर तेवढंच). किडनीचं कामही मंदावतं, काही औषधं अंगात जास्त वेळ राहतात, वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी अचानक जड पडू शकते. वर्षातून एकदा घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, अगदी स्वतःच्या मनाने घेतलेल्या सुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ओता. उंचीही मोजा, थोडी घटतेच, पण तरुणपणापेक्षा ४ सेंमीहून जास्त कमी भरली तर मणक्यांची तपासणी करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वयाचे बदल सावकाश येतात. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं, एका कानाने एकदम ऐकू येईना, एक हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर ते वय नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. चांगलं बोलणारं माणूस दोन दिवसांत भ्रमल्यासारखं वागायला लागलं तरी "म्हातारचळ" म्हणून सोडू नका, त्यामागे इन्फेक्शन नाहीतर एखादी नवी गोळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. डॉक्टर पहिलं विचारणार "कधीपासून?", आणि तिथे घरातली चार माणसं चार उत्तरं देतात, तेव्हा उठबसीचे सेकंद, बीपीचे आकडे, उंची, सगळं तारीख टाकून एका वहीत लिहीत जा, आणि ती वही औषधांच्या पिशवीतच ठेवा.