अमेरिकेला निघण्याआधी व्हिसा नीट समजून घ्या

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत परदेशी जाणाऱ्या लोकांची कागदपत्रं मी बघते. ‘मॅडम, माझं एच-वन-बी करणार की एल-वन?’ हे रोज कुणीतरी विचारतंच. दोन्ही अमेरिकेत नोकरी करण्याचे व्हिसा; एल-वन म्हणजे आपल्याच कंपनीच्या तिकडच्या शाखेत बदली होऊन जाणाऱ्यांचा. आधी स्वतःची नोकरी तपासा.

गेल्या 3 वर्षांत सलग 1 वर्ष याच कंपनीच्या भारतातल्या शाखेत काढलं असेल, तर एल-वन बघा. त्याला वार्षिक कोटा नाही. मॅनेजरला एल-वन-ए, कमाल 7 वर्षं; कंपनीच्या कामाचं खास ज्ञान असलेल्याला एल-वन-बी, 5 वर्षं. मात्र त्यावर दुसऱ्या कंपनीत उडी मारता येत नाही.

एच-वन-बीला पदवी आणि तिच्याशी जुळणारं काम लागतं. वर्षाला 65,000 जागा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी 20,000. नोंदणी मार्चमध्ये होते.

दोघंही नोकरी करत असाल तर इथे थांबून विचार करा. एल-टूवरच्या, म्हणजे एल-वनवाल्याच्या, जोडीदाराला तिथे काम करता येतं. एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, मात्र बहुतेकांना एच-वन-बीवाल्याचा ग्रीन कार्डसाठीचा आय-140 हा अर्ज मंजूर होईपर्यंत वाट पाहावी लागते. चांगलं करिअर असलेली बायको वर्षानुवर्षं घरी बसते, म्हणून मी नवरा-बायको दोघांनाही समोर बसवून हे सांगते.

बी-वन, म्हणजे कामानिमित्त छोट्या भेटीचा व्हिसा, फक्त मीटिंगपुरता. क्लायंटकडे बसून कोडिंग करायचं नाही, साहेबांनी कितीही घाई केली तरी.

तिथे उतरल्यावर आय-94, म्हणजे तुमच्या प्रवेशाची सरकारी नोंद, डाउनलोड करा. राहायची मुदत त्यावरच्या तारखेने ठरते, व्हिसाच्या स्टॅम्पने नाही. पासपोर्ट लवकर संपत असेल तर ती तारीखही अलीकडची पडू शकते, तेव्हा नूतनीकरण इथूनच उरकून निघा.